पेनियेलच्या अहवालातलं मधलं पान

सोमवारी सकाळची भांडी आवरली की एलुनेद प्रिचर्ड स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची. कूम-हेलिगच्या पेनियेल प्रार्थनाघराची ती एकवीस वर्षं खजिनदार होती. खोऱ्यातल्या लोकांना वाटायचं, म्हातारी बाई हिशेब बघते. हिशेब कसला! ती एक नाव शोधायची, आणि ते सापडलं की टोपीखालचे पांढरे केस मागे सारून मनातल्या मनात देवाचे आभार मानायची.

हा लॅपटॉप सुनेचा. हे सोमवारचं काम लावून दिलं तेही सुनेनंच. पेनियेलचं छप्पर गळायला लागलं तेव्हा नेरिस म्हणाली होती, "मामगी, माणसं घरबसल्या वस्तू मागवतातच ना? मग छपरासाठी वेगळी झोळी कशाला फिरवायची?" मामगी म्हणजे आजी. लहानगी नात माब्ली म्हणायची म्हणून नेरिसही सासूला मामगीच म्हणे. तिनं समजावून दिलं: दुकानात थेट शिरायचं नाही, आधी या दानवाल्या संस्थेच्या दारातून जायचं, तिथे 'पेनियेल' निवडायचं, मग हवं त्या दुकानात जायचं. दुकानदार आपल्या नफ्यातली चिमूट पेनियेलला देतो. घेणाऱ्याच्या खिशाला झळ नाही.

एलुनेदला पहिल्यांदा त्यात काहीतरी काळंबेरं वाटलं होतं. फुकटचं पुण्य कुठे मिळतं का? पण वर्षभरात अर्धं खोरं त्या दारातून जाऊ लागलं. कुणी मेंढ्यांचं जंताचं औषध मागवी, कुणी पाखरांचे दाणे, कुणी आगगाडीची तिकिटं. खजिनदाराला पडद्यावर सगळं दिसे: नाव, दुकान आणि आलेली चिमूट. नाव लपवायचं असेल तर एका चौकोनात खूण करायची, मग नुसतं 'एक हितचिंतक' उमटे. प्रार्थनाघराचे चिटणीस इद्वल यांनी ती खूण एकदाच वापरली. त्या आठवड्यात 'एक हितचिंतक, पुरुषांची प्रसाधनं' अशी नोंद आली आणि पुढच्या रविवारी इद्वल व्यासपीठापुढच्या, पुढाऱ्यांच्या थोरल्या बैठकीवर काळेभोर केस घेऊन बसले. सगळं प्रार्थनाघर भजनपुस्तकात तोंड घालून हसलं.

ती खूण कुठे करायची हेही एलुनेदला नेरिसनंच दाखवलं होतं. हे लक्षात ठेवायला हवं.

चौदा महिन्यांपूर्वी एका गुरुवारी, मुलगा गेथिन कोकरं घेऊन बाजाराला गेलेला असताना, नेरिस माब्लीला घेऊन निघून गेली. शेतावरचं घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. एका भागात आई, दुसऱ्यात मुलगा-सून. एलुनेद खिडकीपाशी उभी होती. गाडीच्या मागच्या सीटवर माब्ली मांडीत उशी घेऊन बसली होती. नेरिसनं गाडी सुरू केली, एकदा खिडकीकडे पाहिलं. दोघींपैकी कुणीच हात हलवला नाही.

संध्याकाळी गेथिननं विचारलं, "किती वाजता गेली?"

"मी वर झोपले होते," एलुनेद म्हणाली. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात लेकाशी बोललेलं ते पहिलं खोटं.

पण खोटं बोलायच्या आधीही एक पाप होतं, आणि ते तिला जास्त टोचायचं. मधली भिंत जाड नव्हती. सहा वर्षं त्या भिंतीतून जे ऐकू यायचं ते ऐकू येऊ नये म्हणून ती रेडिओवरची भजनं मोठ्यानं लावायची. बायका म्हणायच्या, एलुनेदला देवाची किती ओढ.

नेरिस गेल्यावर सात आठवड्यांनी पहिली नोंद आली. नेरिस प्रिचर्ड, मुलांच्या बुटांचं दुकान, एकोणीस पेनी. एलुनेदनं लॅपटॉप मिटला, परत उघडला, परत वाचलं. पोरीचा पाय वाढला. मग कधी चादरी, कधी रंगपेट्या, डिसेंबरात लोकरीचे मोजे. कुठून मागवलं हे कळायला मार्ग नव्हता, कारण दुकानं अख्ख्या देशभर माल पाठवणारी. जिवंत आहेत, पोरगी वाढते आहे, एवढंच कळे. एलुनेदला कधी वाटे, नेरिसला भान नाही, जुनं खातं तसंच राहून गेलं असेल. कधी दुसरंच वाटे, पण त्या वाटण्याला ती फार वेळ जवळ बसू द्यायची नाही.

सप्टेंबर संपतानाच्या त्या सोमवारी नाव दिसलं. शेजारी दुकान होतं: 'स्टॅनबर्न शालेय पोशाख'.

आधी आनंदच झाला. माब्ली नव्या शाळेत जाते. हिरवा स्वेटर असेल की निळा? मग तिनं दुकानाचं नाव पुन्हा वाचलं आणि हातातला चहाचा कप बशीवर ठेवला. स्टॅनबर्न. उत्तरेकडचं, समुद्राकाठचं एक लहानसं गाव. तिथल्या शाळेचा गणवेश विकणारं दुकान तिथल्याच मुलांसाठी असतं. एवढे महिने नुसतं 'आहोत' म्हणणाऱ्या नावानं आज पत्ता सांगितला होता.

दुपारी बाराला गेथिन जेवायला आला. तो नेहमी बाराला येई, बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवी. खोऱ्यात त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडला नसता. शेजाऱ्याची मेंढी अडली तर तो पहाटे धावे. पेनियेलमध्ये त्याचा खर्जातला आवाज लागला की बाकं थरथरत. एलुनेदनं मटणाचा आणि कांदापातीचा रस्सा वाढला. तो जेवायला बसतच होता, तेवढ्यात दार न वाजवता इद्वल आत आले.

"वास आला म्हणून आलो असं समजू नका, एलुनेद," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "वाटी लहान द्या. लहान म्हणजे त्या मानानं."

"इद्वलकाका, तुमचं पोट प्रार्थनाघराच्या छपरासारखं आहे," गेथिन म्हणाला. "कितीही घाला, पुरत नाही."

"छप्पर झालं रे पुरं, तुझ्या आईच्या कृपेनं. तेच सांगायला आलो." इद्वल यांनी पाव रश्श्यात बुडवला. "यंदा वार्षिक अहवालात नवं पान घातलंय. मधलं पान. ऑनलाईन देणारे. कुणी, कुठल्या दुकानातून, किती."

एलुनेदच्या हातातली पळी पातेल्यातच राहिली.

पेनियेलचा अहवाल म्हणजे काही साधं चोपडं नव्हतं. दीडशे वर्षं दर शरदातल्या धन्यवादाच्या रविवारी तो निघत होता आणि त्यात प्रत्येक माणसाचं नाव व त्यानं वर्षभरात दिलेलं दान छापलेलं असे. राणीचं राज्य गेलं, राजाचं आलं, दोन महायुद्धं झाली, पण अहवालातून एक नाव कधी गळलं नव्हतं. रविवारी उपासना संपली की माणसं बाहेरच्या भिंतीला टेकून तो वाचत आणि घरी जाईपर्यंत कुणी हात आखडता घेतला हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होई.

"उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये असं शास्त्रात म्हटलंय," एलुनेद कशीबशी म्हणाली.

"हातांना नाहीच कळत. डोळ्यांना कळतं." इद्वल स्वतःच्याच विनोदावर हसले.

"यादी कुठून मिळाली तुम्हाला?"

"तुमच्याच कपाटातून. भजनपुस्तकांच्या कपाटाच्या दाराला आतून तुम्हीच पासवर्ड चिकटवलाय ना? चष्मा दुरुस्तीला गेलाय म्हणून मला एक अक्षर वाचता आलं नाही, पण कळ दाबता येते. शनिवारची यादी आहे तशी छापखान्यात पाठवून दिली. गुरुवारी चोपड्या तयार."

"गुरुवारी मी बाजारात आहेच," गेथिन म्हणाला. "येताना उचलतो."

"देव तुझं भलं करो. बिचारा." शेवटचा शब्द इद्वल यांनी एलुनेदकडे बघून हळूच म्हटला. बायको टाकून गेलेल्या माणसाबद्दल खोऱ्यात सगळे तसंच म्हणत.

इद्वल यांना सांगावं का? ती ताटं उचलताना विचार करत होती. इद्वल यांचं मन लोण्याचं, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. आज सांगितलं तर उद्या पूल ओलांडायच्या आत बातमी गोठ्यापर्यंत पोचली असती.

इद्वल गेले. गेथिन बसून राहिला. त्यानं चमचा ताटलीच्या कडेला ठेवला, मग बोटानं सरकवून सुरीशी अगदी समांतर केला.

"तिची काही खबर, माम?"

हा प्रश्न तो रोज विचारी. रोज त्याच आवाजात.

"नाही रे."

"मला फक्त बोलायचंय तिच्याशी. माणसाला आपल्या बायकोशी बोलायचा हक्क असतो." चमचा आणखी थोडा सरळ झाला. "सापडली की मी शांतपणे बोलणार आहे. ठरवलंय मी."

शांतपणेच तर बोलायचा तो. भिंतीतून कधी ओरडणं आलं नव्हतं. आधी त्याचा हळू आवाज यायचा, बराच वेळ, समजावल्यासारखा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग नेरिसचं काहीच न बोलणं.

मंगळवारी तिनं छापखान्याला फोन केला. मेन्ना म्हणून मधल्या वयाची बाई तो चालवायची. खोऱ्याखोऱ्यातल्या भजनमेळ्यांत ती दुसऱ्या सुरात गायची, तेवढीच ओळख. मेन्ना म्हणाली, सगळं छापून, पिना मारून झालं. बदल करायचा तर इद्वल यांनी सांगायला हवं, काम त्यांच्या नावावर आहे. एलुनेद "बरं" म्हणाली, कारण अंगणात गेथिनच्या बुटांचा आवाज आला होता.

बुधवारी ती दोनदा गुडघे टेकून बसली. शब्द सुचेनात. आठवलं ते लहानपणीचं प्रवचन. म्हातारे टेगिड उपदेशक व्यासपीठावर उभे राहत, साध्या बोलण्यानं सुरुवात करत, आणि बोलता बोलता आवाज चढे, शब्द सुरात शिरत, अर्ध्या तासानं ते बोलताहेत की गाताहेत हे कुणाला सांगता यायचं नाही. त्यांनी शास्त्रातली हागार गायली होती. घरातून बाहेर पडलेली बाई, कडेवर पोर, पखालीतलं पाणी संपलेलं, पोराला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसलेली, कारण मरताना बघवत नव्हतं. आणि मग वरून आवाज: हागार, तुला काय झालं? भिऊ नकोस. 'भिऊ नकोस' हे शब्द टेगिड चार वेळा घेत, प्रत्येक वेळी एक सूर वर. सात वर्षांची एलुनेद आईच्या कुशीत लपली होती. भिऊ नकोस म्हणताहेत म्हणजे भिण्यासारखं नक्की काहीतरी आहे, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

गुरुवारी सहाला गेथिन पिकअपमध्ये कोकरं भरून गेला. नऊ वीसच्या बसमध्ये एलुनेद सगळ्यात मागे बसली. बाजाराच्या फाटकासमोरून बस हळू झाली तेव्हा ती पिशवीत काही शोधत असल्यासारखी खाली वाकली.

छापखान्यात शाईचा आणि गरम कागदाचा वास होता. मेन्ना खोक्याला चिकटपट्टी लावत होती.

"मिसेस प्रिचर्ड, तुम्ही? तुमचा मुलगा येणार होता ना, बाराला?"

"मधलं पान काढायचंय. त्यात चूक आहे."

"कसली?"

"नावं चुकली आहेत."

मेन्नानं एक प्रत उघडून मधला कागद समोर धरला. "कुठलं नाव? मी स्वतः जुळवलंय. इद्वलना फोन लावते, ते हो म्हणाले की काढते."

तिनं फोन उचलला. एलुनेदनं तिच्या मनगटावर हात ठेवला. म्हातारीचा हात बर्फासारखा थंड होता.

"फोन नको. नाव बरोबर छापलंय. माझ्या सुनेचं आहे. माझा मुलगा तिला मारायचा. ती लपून राहते आहे आणि त्या पानावर तिच्या गावाचं नाव आहे."

चार वाक्यं. सहा वर्षं आणि चौदा महिने ती भजनांच्या मागे लपवून ठेवलेली. बोलल्यावर छापखान्यातलं यंत्र तसंच घरघरत राहिलं, छत काही कोसळलं नाही.

मेन्नानं तिच्याकडे बघितलं. "कोण, गेथिन? बाकं हलवणारा गेथिन?"

"हो."

मेन्ना पुढे काही विचारायला थांबली नाही. तिनं दारावरची 'बंद' पाटी फिरवली, खोक्याची चिकटपट्टी टर्रकन फाडली आणि खणातून दोन बोथट सुऱ्या काढल्या. "पिनेचे पाय असे वर करायचे. मधला कागद ओढायचा. पाय परत दाबायचे. सत्तर प्रती आहेत."

दोघी बसल्या. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पिना बोटांत रुतत होत्या. दीडशे वर्षांत पहिल्यांदा पेनियेलच्या अहवालातून नावं गळत होती, आणि ती खजिनदार स्वतःच्या हातानं गाळत होती. तिसाव्या प्रतीला तिचे ओठ पुटपुटायला लागले.

"प्रार्थना करताय?"

"मोजते आहे."

"दोन्ही चालेल," मेन्ना म्हणाली.

चाळिसाव्या प्रतीला मेन्नाचे हात थांबले. "मिसेस प्रिचर्ड, हे कागद गेले. पण यादी त्या संगणकातून आली ना? ती तिथेच आहे. कुणीही उघडेल."

एलुनेदला ते सोमवारपासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिनं तिकडे पाठ फिरवली होती. पासवर्ड बदलता आला असता. मग इद्वल यांनी भर सभेत 'का बदलला' विचारलं असतं, नवा मागितला असता. नेरिसची एकटीची नोंद पुसायची सोय नव्हती. आणि उद्या पुन्हा काहीतरी येणार होतं: तिथलाच दंतवैद्य, तिथलीच बेकरी. पूर्ण खातंच मिटवायला हवं होतं. तशी एक कळ होती, सगळ्यात तळाशी.

मेन्नानं आपला संगणक तिच्याकडे वळवला. एलुनेदनं एक-एक अक्षर शोधून दाबलं. पेनियेलचं पान उघडलं. वर छपराचा फोटो, नेरिसनं शिडीवर चढून काढलेला. खाली नावं. बूट. चादरी. रंगपेट्या. लोकरीचे मोजे.

नाव लपवायचा चौकोन तिथेच होता, प्रत्येक नोंदीशेजारी. बोटाच्या टोकाएवढा, फक्त देणाऱ्यालाच खूण करता येणारा. नेरिसनंच शिकवलेला. वर्षभर नेरिसनं तो रिकामा ठेवला होता.

म्हणजे तिला ठाऊक होतं. हे पान मामगी एकटीच बघते हे तिला ठाऊक होतं. दर वेळी ती ठरवून नाव ठेवत होती. शाळेचंही तिनं कळवलंच होतं. अहवालाचं तिला सुचलं नव्हतं, एवढंच. आजवर ऑनलाईनची नावं त्यात कधी आलीच नव्हती.

"ही पत्रं आहेत," एलुनेद म्हणाली. "ती मला पत्रं लिहीत होती."

तिनं पानाच्या तळाशी जाऊन 'खातं बंद करा' निवडलं.

पडद्यावर विचारणा आली: ही संस्था कायमची बंद होईल. नोंदी परत मिळणार नाहीत. नक्की? एलुनेदनं पुन्हा एकदा सगळ्यात वरची ओळ वाचली, हिरवा की निळा असा विचार केला, आणि कळ दाबली. सगळं पांढरं झालं. पुढच्या वेळी नेरिस काही मागवील तेव्हा तिला सांगण्यात येईल की पेनियेल आता नाही, दुसरं कुणी निवडा. ती समजेल. समजायला हवं.

अकरा पस्तीसला दारावर टकटक झाली.

"बंद कसं काय, मेन्ना?" बाहेरून हळू, समजूतदार आवाज.

सहा प्रती राहिल्या होत्या. मेन्नानं त्या टेबलाखालच्या रद्दीच्या टोपलीत लोटल्या, काढलेल्या कागदांचा गठ्ठा उचलून कापायच्या यंत्रात घातला आणि दांडा ओढला. कच्. वळवून पुन्हा. कच्. मग तिनं दार उघडलं.

"माम?" गेथिन दारातच थांबला. "तू इथे?"

"मुद्रितं तपासायला," एलुनेद म्हणाली. "इद्वलचा चष्मा नाहीये ना."

"मला म्हणाली असतीस तर सकाळी बरोबर आणलं असतं." त्याची नजर तिच्या बोटांवर गेली. टोकांना रक्ताचे बारीक ठिपके होते. मग यंत्राखालच्या पट्ट्यांवर. "हे काय कापलं?"

"तुमचंच काम बिघडलं होतं माझ्याकडून," मेन्ना म्हणाली. "उपदेशकांच्या नावात चूक. तो अर्धवट छपाईचा गठ्ठा. प्रती चौसष्टच भरल्या, इद्वलना सांग, सहाचे पैसे लावत नाही."

गेथिननं खोकं उचललं. "चल, माम. बसनं कशाला जातेस."

पिकअपमध्ये मेंढ्यांचा वास होता. खोकं दोघांच्या मधे. घर बारा मैल. तो गाणं गुणगुणत होता, खर्जात, आणि एलुनेद काचेबाहेरची कुंपणं मोजत होती. नदीकाठच्या वळणावर रस्त्याचं काम चाललं होतं. लाल दिवा लागला. गेथिननं इंजिन बंद केलं आणि खोक्यातली एक प्रत घेतली.

"बघू, कोण किती कंजूष." तो पानं उलटू लागला. "ही बघ डोंगरवाली बेथन, तीन मोटारी दारात आणि देवाला चाळीस पौंड. देव उधारीवर बसलाय वाटतं हिच्याकडे." तो हसला. तीही हसली. हसणं खोकल्यासारखं आलं.

पान उलटलं. मग तो थांबला. एक पान मागे गेला, परत पुढे आला.

"बारा," तो म्हणाला. "नंतर सतरा."

दिवा लालच होता.

"ते नवं पान कुठे गेलं, माम? ऑनलाईनवाल्यांचं?"

"इद्वलनी काढलं असेल."

"इद्वलकाका सकाळी बाजारात भेटले होते. मधलं पान बघ म्हणाले, फार सुंदर झालं असेल म्हणाले." त्यानं चोपडी मिटून खोक्याच्या कडेशी समांतर ठेवली. "उपदेशकांचं नाव पहिल्या पानावर असतं. मधल्या नाही." मग अगदी मऊ आवाजात, "कुणाचं नाव होतं त्यात?"

तिला तो आवाज भिंतीच्या या बाजूनं माहीत होता. आज पहिल्यांदा ती दुसऱ्या बाजूला बसली होती.

त्यानं खिशातून फोन काढला. "पासवर्ड कपाटाच्या दारावर आहे ना? जाता जाता थांबू पेनियेलला."

"तिथवर कशाला?" एलुनेद म्हणाली. "पेनियेल, एक आठ सहा आठ. पायाभरणीचं साल."

त्यानं आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं आणि अंगठ्यानं अक्षरं दाबली. तो वाट बघत होता. पडद्याचा उजेड त्याच्या हनुवटीवर पडला होता. ही हनुवटी तिनं त्याच्या लहानपणी दूध पुसून पुसून कोरडी केली होती. मग त्याचा अंगठा थांबला.

"नोंद सापडली नाही म्हणतंय."

"मी बंद केलं. आज सकाळी."

दिवा हिरवा झाला. गेथिननं इंजिन सुरू केलं नाही.

"तुला ठाऊक आहे ती कुठे आहे."

ठाऊक नाही, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण एकदा 'झोपले होते' म्हणून झालं होतं, आणि ते खोटं ती चौदा महिने ओझ्यासारखं वाहत होती.

"हो," ती म्हणाली. "सांगणार नाही."

"माम."

"मी ऐकत होते, गेथिन. सहा वर्षं. मधली भिंत पातळ आहे. मी रेडिओ लावायचे."

त्याचा हात तिच्या सीटच्या पाठीवर आला. बोटं तिच्या मानेपासून वीतभर. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्या काहीच नसण्याकडे नेरिस सहा वर्षं बघत होती. एलुनेदनं डोळे मिटले नाहीत. मनातल्या मनात टेगिड उपदेशकांचा आवाज चढू लागला, एकेक सूर वर, पण तो त्या लहानपणच्या भीतीसारखाच दूर कुठेतरी होता. जवळ फक्त तो हात होता.

मागे दुधाच्या टँकरनं भोंगा वाजवला. लांब, मग पुन्हा लांब.

हात मागे गेला. गेथिननं गाडी सुरू केली. वळणांवर त्यानं वेग कमी केला नाही आणि मधलं खोकं प्रत्येक वळणाला तिच्या बरगडीवर येऊन आदळत राहिलं.

अंगणात तो लगेच उतरला नाही. ती खोकं छातीशी धरून उतरली, आत गेली आणि दार लावलं. दाराला वरच्या बाजूला एक कडी होती. नवऱ्याच्या आजोबांनी बसवलेली. कूम-हेलिगमध्ये दिवसाढवळ्या कुणी कडी लावत नाही, त्यामुळे ती गंजून जाम झाली होती. एलुनेदनं खुर्ची ओढली, वर चढली, लाटण्यानं ठोकून ठोकून ती सरकवली.

मग खाली बसली. खिशातून मेन्नानं दिलेलं कार्ड काढलं, मागे पेन्सिलनं तिचा घरचा नंबर आणि खाली 'कधीही'. फोन आतल्या बोळकांडीत होता. ती उठणारच होती.

भिंतीपलीकडे त्याचं दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला. मग शांतता. मग काहीतरी पडलं, नाही, फेकलं. मग पुन्हा. ताटल्या असाव्यात. नेरिसच्या लग्नातल्या, निळ्या काठाच्या.

रेडिओ फळीवर होता, हाताच्या अंतरावर. तिचा हात सवयीनं तिकडे गेला आणि बटणाजवळ थांबला. तिनं हात मांडीवर परत घेतला. ती ऐकत राहिली. या वेळी सगळं ऐकलं, एकही आवाज न गाळता.

बऱ्याच वेळानं पलीकडचं दार पुन्हा उघडलं. अंगणातून पावलं आली. बूट काढल्याचा, नीट जोडून ठेवल्याचा आवाज. मग कडी हलली, वर, गंजलेल्या खोबणीत, एकदाच.

"माम," हळू, समजावल्यासारखा. "दार उघड. मला फक्त बोलायचंय."

एलुनेद उठली. बोळकांडीतल्या फोनपर्यंत सात पावलं होती. बूट काढून, अनवाणी, फरशीवर आवाज न करता ती निघाली. मेन्नाचं कार्ड तिनं अजून मुठीत धरलेलं होतं आणि बोटांवरच्या पिनांच्या जखमा त्यावर ओल्या ठिपक्यांसारख्या उमटत होत्या.

"माम?"

"नाही, गेथिन," ती म्हणाली, भिंतीपलीकडेही जाईल एवढ्या मोठ्या आवाजात, आणि फोन उचलला.